सिनेमातली फाईट मार खाणारा घडवतो

एप्रिलच्या परीक्षा संपल्या की जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, सगळीकडे उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात आणि कराटे-तायक्वांदोच्या वर्गात नवी पोरं येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: उडी मारून किक कधी शिकवणार, आणि काळा पट्टा किती दिवसांत मिळतो? पालकांचा प्रश्न वेगळा, पण तोही पडद्यावरूनच आलेला: चार जणांनी अडवलं तर माझी पोरगी सुटून येईल ना? यांना नीट उत्तर द्यायचं तर पडद्यावरची मारामारी कशी उभी राहते ते आधी समजून घ्यावं लागतं.

एकच ठोसा घ्या. मारणाऱ्याची मूठ समोरच्याच्या गालापासून चांगली वीतभर लांबून जाते. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवतात, म्हणजे मूठ आणि चेहरा एका रेषेत येतात आणि मधलं अंतर दिसत नाही. लांब पल्ल्याची लेन्स लावली की ते अंतर आणखी चेपतं. सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा २० चौकटींनी (फ्रेमनी) चित्रीकरण करून ते २४ च्या वेगाने दाखवलं की हातपाय जास्त चपळ वाटतात. आवाज नंतर स्टुडिओत भरतात. काच राळेची असते, टेबल हलक्या लाकडाचं आणि आधीच चिरून ठेवलेलं. सलग दोन मिनिटांची दिसणारी मारामारी प्रत्यक्षात दोन-चार फटक्यांच्या तुकड्यांत घेतलेली असते आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी तालीम झालेली असते.

एवढी तयारी करूनही ठोसा खरा वाटतो तो एकाच माणसामुळे, ज्याला तो लागल्यासारखा दिसतो त्याच्यामुळे. त्याने मान बरोबर क्षणी, बरोबर दिशेला झटकली पाहिजे. मूठ उजवीकडून आली आणि मान समोर गेली तर तो सगळा तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. पाठीवर पडताना त्याने हनुवटी आत घेतली नाही तर डोकं खरोखर फुटतं. हिरो हात फिरवतो. मारामारी घडवतो तो पडणारा. हे काम सोपं नाही. जॅकी चॅन लहानपणी हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्याच्या शाळेत वर्षानुवर्षं कसरती आणि पडणं शिकला, तरीही १९८६ साली चित्रीकरणात झाडावरून पडून त्याच्या कवटीला गंभीर इजा झाली.

म्हणून सिनेमा आणि सराव यांतला खरा फरक वेग, उड्या किंवा आवाजात शोधू नका. पडद्यावर दोघं एकाच बाजूला असतात. आखाड्यात किंवा मॅटवर समोरचा माणूस तुमचा डाव होऊच देत नाही. बाकीचे सगळे फरक यातून निघतात.

अर्थात सरावाची सुरुवातही मदतीनेच होते. कुस्तीत वस्ताद डाव सांगतो तेव्हा जोडीदार उभा राहून तो करू देतो. कराटेत ठरलेल्या पावलांचा सराव असतो: एक जण सांगून ठोसा मारतो, दुसरा सांगितलेला अडसर घालतो. ज्यूदोत फेक पूर्ण न करता फक्त आत शिरण्याच्या आवृत्त्या करतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्यूदो सुरू केलं तेव्हा ठरलेल्या आकृतिबंधांसोबत मोकळ्या झुंजीलाही सरावात तेवढंच पक्कं स्थान दिलं, आणि ज्यूदो टिकलं ते बरंचसं या मोकळ्या झुंजीवर.

ही मदत हळूहळू काढून घ्यायची असते. जोडीदार स्थिर उभा असताना एकाच अंगाला दहा-पंधरा आवृत्त्या. मग तो चालता असताना. मग त्याने दोनपैकी कुठलाही एक हल्ला करायचा, कुठला ते न सांगता. मग त्याने फक्त पकड सोडवायची, बाकी विरोध करायचा नाही. शेवटी दोन ते तीन मिनिटं पूर्ण विरोध. चौथ्या टप्प्यावर जवळपास सगळ्यांचा डाव मोडतो, आणि तो मोडलाच पाहिजे. तिथे कळतं की पाऊल उशिरा पडतंय की पकड चुकीच्या जागी आहे. अनेक वर्ग मात्र वर्षानुवर्षं पहिल्या टप्प्यावरच थांबतात. दिसायला सगळं देखणं, गणवेश पांढरेशुभ्र, ओरडणं दणदणीत; पण समोरचा हलला की हातात काही उरत नाही. तो सिनेमाच, फक्त कॅमेऱ्याविना.

कुस्तीत हे लपवता येत नाही, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. धोबीपछाड पडद्यावर कशी दिसते? हिरो हात धरतो, वळतो आणि माणूस डोक्यावरून जातो. आता ती खऱ्या पैलवानावर करून बघा. तो ताठ उभा असेल आणि त्याचा भार टाचांवर असेल तर तुम्ही वळलात की तुमची पाठ त्याला आयती मिळते, तो मागून कंबर धरतो आणि खाली तुम्हीच जाता. धोबीपछाड लागण्यासाठी आधी त्याचा भार पुढच्या चवड्यांवर यावा लागतो. त्यासाठी खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या हाताच्या झटापटीत, त्याला ढकलायचं. तो उलट ढकलायला लागला की त्याच क्षणी हात खांद्यावर ओढून घ्यायचा, दोन्ही गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कंबरेखाली न्यायची आणि मग पाय सरळ करत पुढे झुकायचं. कंबर वर राहिली तर तो अंगावर लटकतो, जात नाही. ओढ आधी आणि वळण नंतर, हा क्रम उलटला तरी डाव गेला.

एकेरी पटाचंही, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याच्या डावाचंही, तसंच. नवा पोरगा कमरेतून वाकून लांबून पायाला हात घालतो. समोरचा दोन्ही पाय मागे फेकतो, छातीचा सगळा भार याच्या मानेवर टाकतो आणि मान अडकते. पट काढायचा तर गुडघ्यातून खाली जायचं, पाठ सरळ आणि नजर वर ठेवायची, पुढचं पाऊल त्याच्या पायांजवळ टाकायचं, डोकं त्याच्या बरगडीला चिकटवायचं आणि दोन्ही हातांनी गुडघ्यामागे पकड घ्यायची. पाय हातात आला म्हणजे काम अर्धंच झालं. उरलेलं अर्धं त्याचा तोल बाजूला नेण्याचं, आणि तो एका पायावर उड्या मारत असताना ते करायचं असतं. एका पटासाठी महिनेच्या महिने जातात ते याच कारणाने.

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्या लढतींचे व्हिडिओ सहज मिळतात. ते बघताना फेकीवर डोळा ठेवू नका. फेकीच्या आधीची हाताची झटापट बघा: मनगट कोण धरतंय, मानेवर कुणाचा हात आहे, कुणाचं पाऊल मागे सरकतंय. डाव तिथेच लागलेला असतो. सिनेमात नेमका हाच भाग कापून टाकतात, कारण प्रेक्षकाला तिथे काहीच होत नाही असं वाटतं.

आता पडण्याबद्दल, कारण सिनेमा आणि सराव खरोखर जवळ येतात ते इथेच. स्टंट करणारा आणि ज्यूदोचा विद्यार्थी, दोघांचा पहिला धडा पडण्याचा असतो. सुरुवात उताणं झोपून करायची. हनुवटी छातीकडे, नजर पट्ट्याच्या गाठीवर. दोन्ही हात शरीरापासून साधारण ३०-४० अंशांवर, तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग एकदम जमिनीवर आपटायचा आणि त्याच वेळी श्वास सोडायचा. हे जमलं की उकिडवं बसून मागे पडायचं, मग उभ्याने. नंतर कुशीवर पडणं आणि शेवटी खांद्यावरून तिरकं लोळणं. त्यात भार एका खांद्यावरून पाठीवर तिरका जाऊन दुसऱ्या बाजूच्या नितंबावर उतरतो. कणा जमिनीवर सरळ आपटता कामा नये.

चुका ठरलेल्या आहेत. पडताना हात मागे टेकवला की मनगट किंवा कोपर जातं, आणि हात ताठ असेल तर धक्का वर चढून गळ्याखालचं खांद्याकडे जाणारं हाड (कॉलरबोन) मोडतं. कुशीवर पडताना पाय एकमेकांवर आले तर घोटे आपसांत आदळतात. श्वास कोंडला तर छाती गच्च होते आणि काही क्षण दमच येत नाही. याहून मोठी चूक जागेची. शाळेच्या खोलीत किंवा मंगल कार्यालयात शहाबादी फरशीवर २० मिलिमीटरच्या जोडायच्या मॅट टाकून वर्ग चालतात. ठोसे-किकसाठी तेवढ्या पुरतात. फेक शिकवायची तर किमान ४० मिलिमीटर जाडी हवी आणि सांध्यांत फट नको, कारण फटीत अंगठा अडकून मुरगळतो. मातीचा आखाडा असेल तर आपल्याकडची काळी माती चालत नाही. ती वाळली की ढेकळं होतात आणि भिजली की अंगाला चिकटून घसरवते. तांबडी माती आणून, चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती रोज खोदून भुसभुशीत ठेवावी लागते. दोन दिवस न खोदलेला आखाडा फरशीइतकाच घातक असतो.

वेळेचा हिशेबही पडद्यावर पार बिघडतो. तिथे सात-आठ मिनिटं मारामारी चालते आणि शेवटी हिरोला संवाद म्हणायला दम उरतो. खऱ्या नियमांत ज्यूदोची लढत चार मिनिटांची. फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची, मध्ये ३० सेकंद विश्रांती. ऑलिंपिक बॉक्सिंग तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचं. हे आकडे उगाच ठरलेले नाहीत. पूर्ण ताकदीने झुंजणारा तयार खेळाडूही पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर मंदावतो. पुढचं सगळं श्वास आणि ताकद राखण्याचं काम. नवख्यांचं ठरलेलं चित्र असं, की पहिल्या २० सेकंदांत ते सगळे ठोसे मारून मोकळे होतात, श्वास कोंडतात, खांदे कानाला लागतात आणि हात खाली येतात. उपाय साधा आहे: दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती, प्रत्येक फटक्यासोबत तोंडाने छोटा उच्छ्वास, आणि पहिली फेरी मुद्दाम अर्ध्या ताकदीने.

उडत्या किकबद्दल विचारणाऱ्या पोरांना एवढंच सांगावं की पाय जमिनीवरून सुटले की दिशा बदलता येत नाही, आणि समोरचा अर्धं पाऊल सरकला की काम संपलं. ती शिकायची जरूर, पण उभ्या किका पक्क्या झाल्यावर. आणि उंच किकसाठी पोराच्या पाठीवर बसून पाय फाकवू नका. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो ती जागा कच्ची असते. तिथून हाडाचा तुकडा निघू शकतो. सुरुवातीला पाय हलवत झोके, प्रत्येक पायाला दहा-पंधरा. स्थिर ताण सगळा सराव झाल्यावर, ३० सेकंद, दुखेपर्यंत नाही.

मूठ आणि कवटी यांच्या टकरीत बहुतेक वेळा मूठ हरते. उघड्या मुठीने डोक्यावर मारणाऱ्याचं करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडणं ही नेहमीची दुखापत आहे. समोरच्याच्या दातावर मूठ बसली तर जखम छोटी दिसते, पण तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात. ती घरी हळद लावून सोडून द्यायची जखम नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. म्हणून बॉक्सिंगमध्ये साडेचार मीटरची पट्टी हाताला गुंडाळतात आणि सरावाच्या झुंजीला १४ ते १६ औंसांचे जाड हातमोजे घालतात.

सिनेमाने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान बेशुद्धीबाबत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मानेवर एक फटका, माणूस तासभर झोपला आणि उठून कामाला लागला, हे पडद्यावर इतक्या वेळा दिसतं की लोक ते खरं मानतात. डोक्याला मार लागून काही सेकंदही शुद्ध गेली तर तो मेंदूला लागलेला मार आहे. शुद्ध न जाताही तो लागू शकतो: डोळ्यांपुढे अंधारी, तोच तोच प्रश्न विचारणं, तोल जाणं. त्या दिवशी सराव बंद, मुलगा कितीही म्हणाला तरी. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, फिट येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. तोंडावर पाणी मारू नका, कांदा हुंगवू नका, उठवून बसवू नका. मान दुखत असेल तर हलवूच नका. परत सरावाला येताना आधी चालणं, मग हलका व्यायाम, मग एकट्याने तंत्र, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच झुंज. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस.

गळ्याचा फास, म्हणजे हाताने गळा आवळण्याचा डाव, हाही तसाच विषय. नीट बसलेला फास साधारण दहा सेकंदांत शुद्ध घालवतो. म्हणून जोडीदाराने हार मानल्याची खूण म्हणून दोनदा थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, आणि लहान मुलांना फास शिकवायचाच नाही. मित्रामित्रांत मोबाइलवर बघून करून पाहणं तर साफ बंद.

चाकू आणि अनेक जण, हे दोन प्रसंग थोडक्यात संपवतो. पडद्यावरचे चार गुंड पाळी लावून येतात; खरे चौघे एकदम येतात आणि एक जण मागून धरतो. चाकूचा हात हवेत थांबत नाही, तो पुन्हा पुन्हा आत-बाहेर होतो. त्या पालकांना द्यायचं खरं उत्तर हे: पोरीला आधी अंतर राखायला, ओरडायला, धरलेलं मनगट समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने सोडवून पळायला आणि पडली तर पटकन उठायला शिकवा. मोबाइल किंवा पर्स मागितली तर ती देऊन टाकायला सांगा.

शाळेच्या स्नेहसंमेलनातलं कौल फोडणं मात्र पालकांना फार आवडतं, म्हणून तेही सांगतो. मंगलोरी कौल दोन्ही टोकांना आधार देऊन मध्ये पोकळ ठेवलं तर मधल्या फटक्याने सहज तुटतं. कौलांची चळत असेल तर दोन कौलांमध्ये ठोकळे ठेवतात. मग वरचं कौल तुटून खालच्यावर पडतं आणि एकेक करत सगळी जातात. ठोकळे काढा, तीच चळत अंगठाभरही दबणार नाही. लाकडाची फळी तंतूंच्या दिशेने फुटते, आडवी फुटत नाही. यात एकाग्रता आणि नेमकेपणा लागतो, पण यावरून झुंजता येतं असं ठरत नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या बोटांच्या हाडांना यातून इजा होऊ शकते, त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांखालच्यांना हे करायला लावू नये, असं मला वाटतं.

आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे, ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. वर्ग सकाळी साडेपाच ते सात, किंवा संध्याकाळी सातनंतरच घ्यावा. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, आणि सराव तासाभराहून लांबला तर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी. वजन उतरवायला रेक्झिनचा सूट घालून उन्हात पळणं जीवघेणं आहे. पोरगा बरळायला लागला, अडखळला, ओकला तर घाम येतोय की नाही याची वाट बघू नका. सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, काखेत आणि मानेला बर्फ लावा, १०८ ला फोन करा. खुराकाला महागडे डबे लागत नाहीत. सरावाआधी तासभर एक-दोन केळी, नंतर दूध किंवा अंडी, भिजवलेले शेंगदाणे, जेवणात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर आणि डाळ, एवढ्यावर वाढत्या पोराचं चांगलं भागतं.

मोबाइलवर मारधाडीचे व्हिडिओ बनवणाऱ्या पोरांची खानदेशात कमी नाही, आणि त्यांना नुसतं रागावून काही होत नाही. त्यांनी निदान सिनेमावाल्यांची शिस्त तरी उचलावी. फटका हातभर लांबून, कॅमेरा बरोबर कोनात, आधी अर्ध्या वेगाने पाच-सहा वेळा, आणि ‘एक, दोन’ असा आकडा दोघांना ऐकू येईल असा मोजून. पडायचं तर रिकामे पुठ्ठ्याचे खोके रचून त्यांवर गादी; रावेर-यावलकडे केळीचे खोके सहज मिळतात. कडब्याच्या गंजीवर उडी नको, धाटं भाल्यासारखी घुसतात. उंची कमरेच्या वर नको. खरी काठी, विळा, गाडी, विहीर यातलं काही नको.

वर्ग निवडताना भिंतीवरचे पट्टे आणि चषक मोजू नका. एक पूर्ण तास बसून बघू देतात का ते विचारा. नाही म्हणाले तर दुसरा वर्ग शोधा. बघायला मिळालं तर शेवटची पंधरा मिनिटं नीट बघा. जोड्या लागतात का? समोरचा खरा विरोध करतो का? एखाद्याने थोपटलं की लगेच सुटतं का? पडणं चुकलं तर शिक्षक थांबवून दुरुस्त करतात, की फक्त ओरडतात? लहानाला मोठ्याशी, वजनाचा विचार न करता झुंजवतात का? दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा आणि तिची वेगळी फी असेल तर परीक्षेत झुंज असते का ते विचारा. ‘आंतरराष्ट्रीय’ पदकाचं प्रमाणपत्र दाखवलं तर ते सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाला किंवा दहावी-बारावीच्या क्रीडागुणांना चालतं का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. फी त्यानंतर भरा.